गावच्या घराला गाडीची वाट आणि पुढचं फरसबंद अंगण: खोदाईआधी काय बघावं?

पागोळी | १४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात आमचं घर आहे. जांभ्याचं जोतं, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. बाबा सत्त्याहत्तरचे. खुब्याच्या ऑपरेशननंतर पुण्यात त्यांचा जीव रमेना, म्हणून जानेवारीपासून आईबाबा गावीच आहेत. गाडी वर रस्त्यावर थांबते. तिथून घरापर्यंत साधारण ७० फूट उतार, त्यात दगडांची जुनी घाटी. जुलैत त्या शेवाळलेल्या घाटीवरून बाबांना खुर्चीत बसवून दोन माणसांनी दोनदा वर नेलं. एका पायरीवर पुढच्या गड्याचा पाय सरकला आणि खुर्ची कलली. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी खुर्चीचा हात किती घट्ट धरला होता ते मी बघितलं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या पावसाळ्याआधी गाडी पडवीपर्यंत आली पाहिजे.

सोबत पडवीपुढे २० बाय १४ फुटांची सपाट जागाही हवी आहे. तिथे बाबा वॉकर घेऊन फिरतील, संध्याकाळी खुर्ची टाकून बसतील.

एका ठेकेदाराला दाखवलं. तो म्हणाला, "चार दिवसांचं काम. जेसीबी फिरवतो, कच टाकतो, ब्लॉक बसवतो. अंगण पडवीच्या बरोबरीला आणतो, पायरीच नको." ऐकायला छान वाटलं. पण वाट घराकडे उतरते, आणि आमच्याकडे पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहीत आहे. ब्लॉक कुठले घ्यायचे, रंग कोणता, हे नंतर बघू. त्याच्या खालच्या जमिनीचं काय करायचं, ते ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

---

सड्यावरचा | १४ ऑक्टोबर

पागोळीताई, चार दिवसांत होतं, आणि एका पावसाळ्यात बसतंही. माझं बसलं.

तीन वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या घराला ५० फुटांची वाट करून घेतली. ठेकेदाराने वरचं गवत खरवडलं, लाल मातीवर दोन इंच कच (दगडाचा बारीक चुरा) पसरली आणि ६० मिलिमीटरचे ब्लॉक मांडले. मे महिन्यात काम इतकं देखणं दिसत होतं की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. ऑगस्टमध्ये चाकं जातात तिथे दोन चाकोऱ्या उमटल्या, मधला पट्टा वर राहिला. गणपतीला भाऊ आला तेव्हा त्याच्या गाडीचं पोट मधल्या ब्लॉकना घासलं.

दिवाळीत मी स्वतः पहार घेऊन दहा-बारा ब्लॉक उचकटले. खाली कच नव्हतीच. होता तो लाल चिखल, शिऱ्यासारखा मऊ, आणि त्यात कचीचे दाणे रुतलेले. त्यातच आंब्याची काळी पडलेली पानं आणि गवताची मुळं सापडली. म्हणजे वरची माती काढलीच नव्हती. ती कुजली, बसली, पाण्याने लोणी झाली. दोष ब्लॉकचा नव्हता, ब्लॉक अजून तेच आहेत. बाकी सगळं उपसून नव्याने केलं.

म्हणून पहिली गोष्ट ही: वरची काळपट, मुळांची, पालापाचोळ्याची माती निघालीच पाहिजे. कुठे सहा इंच निघेल, कुठे फूटभर. मापावर जाऊ नका. मुळं संपून घट्ट, एकरंगी थर लागेपर्यंत खाली जा. ती माती फेकू नका, परसात केळी-फुलझाडांना सोनं आहे. गाडीखाली मात्र तिचा उपयोग नाही.

दुसरं, पावसात ओली असताना खोदू नका. आता जमिनीत ओल आहे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा.

---

लेव्हल_पाईप | १५ ऑक्टोबर

मी स्थापत्य अभियंता आहे, बरीच वर्षं गावठाणातल्या छोट्या रस्त्यांची कामं केली आहेत. सड्यावरचा यांनी मातीचं सांगितलं. मी पाण्याचं विचारतो, कारण तुमचं घर रस्त्याच्या खाली आहे आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

वाट १० फूट रुंद धरली तर तुम्ही घराकडे उतरणारी ७०० चौरस फुटांची कडक वाट करणार. म्हणजे साधारण ६५ चौरस मीटर. तुमच्याकडे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. तेवढ्या पावसात एकट्या वाटेवरून ६,५०० लिटर पाणी पडवीच्या दिशेने येईल. पुढच्या कौलांचं पाणी त्यात मिळवा. वरच्या रस्त्याचं पाणी वळून तुमच्या वाटेत शिरलं तर हिशोबच नाही. आज ते पाणी गवतात, घाटीच्या फटींत मुरतं, अडतं, पसरतं. उद्या ते एकत्र येऊन धावेल.

तेव्हा आधी एवढं सांगा:

पावसात रस्त्याचं पाणी कुठल्या बाजूने जातं? रस्त्याकडेला गटार आहे का?
घराच्या कुठल्या अंगाला पऱ्या किंवा ओहोळ आहे?
पडवीची जमीन आजच्या अंगणापासून किती उंच?
रस्त्यापासून अंगणापर्यंत एकूण उतार किती?

उतार मोजायला यंत्र नको. पारदर्शक नळी घ्या, ३०-४० फुटांची, आणि टप्प्याटप्प्याने मोजा. बादलीतून हळू पाणी भरा आणि नळी उजेडात धरून पूर्ण लांबी बघा. एक बुडबुडा अडकला तरी माप खोटं येतं. भरताना आणि हलवताना दोन्ही टोकांवर अंगठा ठेवा, माप घेताना दोन्ही अंगठे काढा आणि पाणी डुलायचं थांबेपर्यंत थांबा. दोन काठ्या, एक पेन्सिल, बस्स.

---

काळीभोर | १५ ऑक्टोबर

परभणीहून लिहितोय. कोकणातल्या लोकांना आमच्या मातीची कल्पना येणार नाही, पण हा धागा कुणी मराठवाड्यातून वाचत असेल तर वरचं तसंच्या तसं करू नका.

आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेत अख्खा हात जातो. तिच्यावर कितीही चांगलं सोलिंग (दगडांचा थर) करा, ती खालून उचलते आणि परत खाली बसते. आमच्या दारापुढचं काँक्रीट तिसऱ्या वर्षी मधोमध उललं. पुन्हा केलं तेव्हा अडीच फूट काळी माती काढून बाहेर टाकली, तिथे मुरूम थराथराने भरला, आणि कडेने पाणी आत झिरपू नये म्हणून बाजूचा चर लांब नेला. ते टिकलंय. मातीत ओल सारखी राहिली की ती एवढी हलत नाही. म्हणून फरशीच्या कडेला फुलझाडांचे वाफे करून रोज पाणी घालू नका.

---

लेव्हल_पाईप | १५ ऑक्टोबर

काळीभोर, अगदी बरोबर. यामागे मोठं काम आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली, आणि कर्नाटकात मलप्रभा कालव्यावर ती वापरली गेली. तुमचा मुरमाचा थर त्याच जातीचा उपाय आहे.

माती फुगणारी आहे का, याची एक साधी चाचणी आहे. कोरडी, बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजनळ्यांत घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, दोन्ही १०० मिलिलिटरपर्यंत. ढवळून हवेचे बुडबुडे घालवा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली तिच्यापेक्षा जितकी वर दिसेल तितकी ती फुगणारी. रॉकेल मिळालं नाही तर गावच्या माणसाला विचारा, 'उन्हाळ्यात इथे भेगा पडतात का?' तेवढ्यानेही काम होतं.

---

पागोळी | १९ ऑक्टोबर

शनिवार-रविवार गावी होते. नळी घेऊन मोजलं. भाऊ वरच्या टोकाला, मी खालच्या. पहिलं माप बुडबुड्यामुळे चुकलं, तीन इंचांचा फरक आला. दुसऱ्यांदा नीट भरली तेव्हा दोन्ही बाजूंनी मोजून तेच आलं.

रस्ता ते अंगण उतार ५ फूट, ७० फुटांत. पडवीची जमीन अंगणापासून ९ इंच वर. दक्षिणेला घरापासून ३० फुटांवर पऱ्या आहे, मार्चपर्यंत थोडं पाणी असतं. रस्त्याला गटार आहे, पण आमच्या फाट्यासमोर मातीने भरलंय. आई म्हणाली की जोराचा पाऊस आला की रस्त्याचं पाणी तिथूनच घाटीवर उतरतं. मला हे माहीतच नव्हतं. एरवी मी त्या घरात फक्त गणपतीत आणि मे महिन्यात असते.

आईने आणखी एक दाखवलं. पडवीच्या पुढे जमिनीत एक सरळ रेघ आहे, बोटभर खोल, पागोळ्यांनी खणलेली. तिच्यात बारीक खडे वर आलेत, माती धुऊन गेली आहे. रेघेच्या पूर्वेच्या टोकाला ती रुंद होते, कारण तिथून पाणी वाहून जातं. म्हणजे आमचं अंगण आत्ताच पूर्वेला ढळलेलं आहे आणि पऱ्या आहे दक्षिणेला.

---

लेव्हल_पाईप | २० ऑक्टोबर

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी अर्धं काम केलं.

आता हिशोब. ७० फुटांत ५ फूट म्हणजे १४ ला १. गाडीला हा उतार सहज चालतो. पाण्याला मात्र हा उतार म्हणजे धावायला मोकळं रान आहे. म्हणून वाटेला लांबीचा उतार आहे तसाच राहू द्या, पण तिला आडवा ढाळही द्या, दक्षिणेकडे, १० फुटांच्या रुंदीत ३ इंच. पाणी वाटेवरून खालपर्यंत न येता कडेच्या चरात पडेल. चर पऱ्याला जोडा. रस्त्याच्या तोंडाशी गटार साफ करून ते तुमच्या वाटेखालून ह्यूम पाईपने (सिमेंटच्या मोठ्या पाईपने) पुढे काढा. रस्ता ग्रामपंचायतीचा की बांधकाम खात्याचा ते बघून आधी लेखी परवानगी घ्या.

अंगणाला उलटा ढाळ. पडवीपासून बाहेर जाताना १४ फुटांत २ इंच खाली. पायाला तो जाणवत नाही, वॉकरला त्रास नाही, पण पाणी थांबत नाही. वाट आणि अंगण जिथे भेटतात ती रेघ सगळ्यांत खाली राहील. तिथे २० फूट लांब आडवा चर, वर लोखंडी जाळी, आणि चराचा तळ दक्षिणेकडे अडीच इंच उतरता.

ठेकेदाराची एक गोष्ट मात्र अजिबात ऐकू नका. अंगण पडवीच्या बरोबरीला आणायचं नाही. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी ओढतो. माती किंवा फरशी पडवीच्या पातळीला टेकली की ओल भिंतीत चढते आणि वाळवीला झाकली वाट मिळते. निदान ६ इंच मोकळे ठेवा. तुमच्याकडे ९ आहेत, म्हणजे अंगण जास्तीत जास्त ३ इंच उचलू शकता. बाबांसाठी एका बाजूला ६ फूट लांबीची, ४ फूट रुंद उतरण करा, १२ ला १. ती भरीव मातीची करू नका. दोन चिऱ्यांच्या ओळींवर शहाबादी फरशी ठेवली की पडवीला फक्त फरशीची कड टेकते आणि खालून वारा खेळतो.

थर असे धरा: वाटेला खाली ४ इंच मुरूम, त्यावर ४ इंच खडी, मग दीड इंच कच, मग ३ इंचांचा ब्लॉक. म्हणजे जवळपास फूटभर खोदाई. अंगणाला ४ इंच मुरूम, कच आणि ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरे. वाटेला मी ८० चा घेतो. पाणी भरलेला टँकर किंवा चिऱ्यांचा ट्रक एकदा तरी येणारच.

दाबलेल्या थराला मोकळा माल सव्वापट लागतो. त्या हिशोबाने मुरूम ४ ब्रास, खडी ३ ब्रास. खोदलेली माती जमिनीत ८ ब्रास असली तर ढिगाऱ्यात १० होते, ती कुठे टाकायची ते जेसीबी यायच्या आधी ठरवा. नाहीतर चालक सोयीच्या जागी टाकतो, आणि ती जागा बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेवर असते.

---

सड्यावरचा | २० ऑक्टोबर

मुरूम मागवताना वाहतूक परवाना बघा. मुरूम गौण खनिज आहे, त्यावर स्वामित्वधन भरलेलं असावं लागतं. पावती नसलेला डंपर तुमच्या दारात पकडला गेला तर डोकेदुखी तुमची होते.

आणि ब्रास मोजून घ्या. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपरच्या हौद्याची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजा, माल उतरायच्या आधी. कुणाला राग येत नाही, सवयीचं असतं.

---

खळ्यातली | २१ ऑक्टोबर

कुडाळकडची मी. वय सांगत नाही, पण पागोळीची आई माझ्याच वयाची असावी.

आमच्याकडे याला खळा म्हणतात. दसऱ्यानंतर दरवर्षी नवा खळा करायचा. पावसाने उखणलेली माती कुदळीने सारखी करायची, पाणी शिंपडून रात्रभर मुरवायची, आणि सकाळी बायका-पुरुष ओळीने बसून लाकडी चोपण्याने चोपायची. चोपताना आवाज ऐकायचा. ढप्प ढप्प आला म्हणजे अजून पोकळ आहे. टप टप, भाकरी थापल्यासारखा आला की झालं. मग शेणाचा सडा. माझी सासू चोपणं हातात घ्यायच्या आधी कळशीभर पाणी मध्ये ओतायची आणि बघत राहायची. म्हणायची, "आधी पाणी खंय जाता ता बघ, मगे माती घाल." पाणी तुळशीकडे वळलं तर त्या बाजूला चार घमेली भर.

इंजिनिअर भावांनी जे सांगितलं ते तेच आहे, मापासकट. म्हणून मला वाचून फार बरं वाटलं.

एकच विनंती. सगळं अंगण दगडाचं करू नकोस बाय. तुळशीभोवती चार हात तरी माती राहू दे, सारवायला. पाणी तिथे मुरतं, पावलाला गार लागतं, आणि आईला सकाळी रांगोळीला जागा राहते. ब्लॉकवरची रांगोळी फटींत जाते.

---

पागोळी | २१ ऑक्टोबर

मावशी, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चार नको, आठ हात ठेव." ठेवते.

---

थेम्सकाठी | २२ ऑक्टोबर

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. मागच्या वर्षी इथे घरापुढे गाडीसाठी जागा केली, म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये २००८ च्या ऑक्टोबरपासून नियम आहे की घरापुढच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करायची असेल, आणि तिचं पाणी स्वतःच्याच मातीत मुरायला सोडलेलं नसेल, तर परवानगी लागते. कारण प्रत्येकाने आपली बाग बुजवून पाणी रस्त्यावर सोडलं आणि गटारं तुंबायला लागली.

लेव्हल_पाईप यांचे ६ इंच वाचून मला गंमत वाटली. इथेही फरशीची पातळी भिंतीतल्या ओलरोधक थराच्या १५० मिलिमीटर खाली ठेवतात. तेच माप. इथल्या गवंड्याने एक गोष्ट आवर्जून केली. ब्लॉक बसवण्याआधी वाटेखालून दोन रिकामे पाईप आडवे टाकले, दोन्ही तोंडं बंद करून. सहा महिन्यांनी दिव्याची वायर न्यायची होती, एकही ब्लॉक उचलावा लागला नाही.

---

उंबरठा | २३ ऑक्टोबर

वकील आहे, म्हणून फक्त एवढंच. तुमचं पाणी पऱ्यात सोडताना मध्ये कुणाची जमीन येते का ते बघा. सातबारा समाईक असेल तर हिस्सेदारांचा होकार लेखी घ्या. शेतजमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणारं पाणी किंवा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. शेजाऱ्याकडे आधी चहाला जा. दहापैकी नऊ ठिकाणी काम तिथेच होतं.

---

पागोळी | ८ डिसेंबर

उशिरा लिहितेय, पण बरंच घडलं.

उंबरठा म्हणाले तसं शेजारच्या काकांकडे गेलो. चर त्यांच्या गडग्याखालून, म्हणजे दगडी कुंपणाखालून जातो. ते म्हणाले, चर दगडी बांधलात तर माझाही गडगा पडायचा थांबेल. गडगा तिथे दरवर्षी पडतो, हे तेव्हा कळलं.

पहिल्या ठेकेदाराला नको म्हणून कळवलं. गावातलेच एक मिस्त्री घेतले. त्यांनी पहिल्या दिवशी जेसीबी बोलावलाच नाही. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या आणि प्रत्येक खुंटीवर लाल रंगाने पातळी मारली. बाबा पडवीत बसून दिवसभर बघत होते. चौथ्या खुंटीची खूण दोन बोटं खाली आहे, हे त्यांनी पकडलं. मिस्त्रींनी नळी लावली आणि खरंच ती खाली होती.

खोदाईत वरून २० फुटांवर जुनी पाण्याची लोखंडी पाईप लागली. कुणालाच आठवत नव्हती. तिथली माती ओली, म्हणजे गळत होती. बदलली, आणि थेम्सकाठी यांचे दोन रिकामे पाईप त्याच जागी टाकले.

आता अडचण. वळणावर आजोबांनी लावलेला आंबा आहे. बुंध्यापासून सात फुटांवर मनगटाएवढं मूळ आडवं आलंय. मिस्त्री म्हणतात तोडू. बाबा गप्प आहेत, त्यामुळे मलाही हो म्हणवत नाही.

---

लेव्हल_पाईप | ८ डिसेंबर

तोडू नका. तेवढं जाड मूळ बुंध्याजवळ तोडलं तर झाड एका अंगाने कमजोर होतं, आणि ते अंग तुमच्या वाटेकडे आहे. वाट दोन-तीन फूट पलीकडे सरकवता येते का ते बघा. येत नसेल तर मुळाच्या भागात खोदाई थांबवा, हाताने माती काढा, आणि मुळावर मुरूम न ठोकता मोकळी खडी घाला. त्या पाच फुटांत फरशी दोन इंच वर येईल. येऊ द्या.

बुंध्याभोवती मातीची भर मात्र अजिबात नको. खोदलेली माती तिथे टाकायचा मोह होतो. बुंधा गाडला की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-चार वर्षांत वरून वाळत जातं. लोकांना कारण कळतच नाही.

---

पागोळी | २६ डिसेंबर

वाट अडीच फूट सरकवली. मूळ आहे तिथे आहे. बाबा आज आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते.

मुरूम आला, परवान्यासह. मिस्त्रींनी मूठभर ओला करून दाबला. गोळा झाला, बोटांतून पाणी निघालं नाही, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले. म्हणाले, ओल बरोबर आहे. कोरडा ठोकला तर धूळ उडते, जास्त ओला ठोकला तर यंत्राखाली रबरासारखा हलतो. ते हलणं मी बघितलं, कारण एका कोपऱ्यात पाणी जास्त पडलं होतं. तेवढा भाग उकरून, दोन दिवस उन्हात सुकवून पुन्हा भरला.

मुरमाचा चार इंचांचा थर दोन वेळा करून घातला. ठोकायचं प्लेटचं यंत्र चिपळूणहून भाड्याने आणलं. पडवीपासून चार फूट मात्र यंत्र लावलं नाही, हाताने धुम्मस मारली. भिंती जुन्या, मातीच्या सांध्यांच्या. लांबून यंत्र चालू असताना ओटीवरच्या फळीवरचे पेले किणकिणत होते, तेव्हा हा निर्णय योग्य होता असं वाटलं.

आता प्रश्न: ब्लॉक आत्ता बसवू की पावसाळा जाऊ देऊ?

---

सड्यावरचा | २६ डिसेंबर

थांबायची ताकद असेल तर थांबा. पाईपसाठी खोदलेला चर कितीही ठोकला तरी तो पावसाळ्यात बसतोच. उघडा असला तर घमेलंभर खडीत काम होतं.

---

लेव्हल_पाईप | २७ डिसेंबर

सहमत, एका अटीवर. वरचा थर खडीचाच ठेवा आणि फटींत कच झाडून, पाणी मारून, पुन्हा यंत्र फिरवा. १४ ला १ उतारावर मुरूम उघडा ठेवला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यात नाल्या पडतील. दोन्ही कडांना चिरे उभे गाडून घ्या, नाहीतर खडी बाजूला पसरते. आणि चर, जाळी, ह्यूम पाईप हे सगळं पावसाआधी पूर्ण पाहिजे.

---

पागोळी | २९ जून

चर मार्चमध्ये झाले. कडेचे चिरे एप्रिलमध्ये. अंगणात घरामागे पडलेले जुने चिरे कचीवर सुकेच मांडून घेतलेत, बाबांच्या वॉकरपुरती ५ फुटांची पट्टी. बाकी अंगण आईने आणि शेजारच्या काकूंनी मिळून चोपलं, खळ्यातली मावशींनी सांगितलं तसा आवाज ऐकत.

काल रात्रभर कोसळला. पहाटे पाच वाजता छत्री आणि बॅटरी घेऊन मी वाटेच्या वरच्या टोकाला उभी राहिले. रस्त्याचं पाणी लाल, जोरात येत होतं. आमच्या वाटेच्या तोंडाशी ते पाईपमध्ये शिरत होतं आणि पलीकडच्या गटारात पडत होतं. वाटेवरचं पाणी तिरकं होऊन दक्षिणेच्या चरात उतरत होतं. खाली जाळीपाशी पोचेपर्यंत जेमतेम खडी ओली होण्याइतकं राहिलं होतं. पागोळ्यांचं पाणी पडवीपासून बाहेर सरकत जाळीत जात होतं. जाळीवर आंब्याची पानं अडकली होती, ती काढली.

दोन ठिकाणी जमीन बसली आहे. एक पाईपवर, इंचभर. दुसरी कडेच्या तिसऱ्या चिऱ्याजवळ, तिथे कदाचित धुम्मस कमी पडली. दोन्हीकडे खुंटी ठोकून ठेवली आहे.

बाबांची तपासणी बुधवारी होती. गाडी पडवीसमोर आली, उतरणीवरून वॉकरने ते स्वतः चालत गेले आणि पुढच्या सीटवर बसले. आई मागे छत्री धरून होती, पण तिला हात द्यावा लागला नाही.

दसऱ्यानंतर त्या दोन जागा भरून फरसबंदी. वाटेला ब्लॉकऐवजी चाकांपुरत्या दोन पट्ट्या जांभ्याच्या आणि मध्ये गवत, असं आता मनात येतंय. ज्यांनी कठीण चिरा निवडून असं केलंय त्यांनी चिरा कुठल्या खाणीतला घेतला आणि चाकांखाली तो किती वर्षांत झिजला ते लिहा. बुधवारच्या त्या पाच मिनिटांसाठी सगळ्यांचे मनापासून आभार.

---

सड्यावरचा | २९ जून

पट्ट्या अडीच फुटांच्या ठेवा, दोन फुटांत वळणावर चाक बाहेर जातं. खाणीचं विचारून उद्या लिहितो.